करकोच्याने बांधलेला घाट

एका जंगलात एक तळं होतं आणि बाळांनो, त्याची चूक एवढीच होती की त्यात कोणालाही सहज उतरता येत असे. चिखल तुडवायचा, पाण्यात शिरायचं. ना नकाशा, ना मंजुरी.

सिंहमहाराजांना हे शोभेना. त्यांनी शहर पाहून आलेल्या करकोच्याला घाट बांधायला बोलावलं.

"मी आधी रहिवाशांच्या गरजा समजून घेतो," करकोचा म्हणाला. मग एका पायावर उभं राहून, डोळे मिटून, त्याने त्या समजून घेतल्या.

तळ्याभोवती दगडी बांध उभा राहिला. चढायला नऊ पायऱ्या. प्रत्येक पायरी करकोच्याच्या गुडघ्याएवढी.

गोदाक्का कासवीण तेव्हा ऊन खायला बाहेर गेली होती. परतली तर वाटेत भिंत! घर पलीकडे, पाण्यात. इकडे पाठ सुकून पापडासारखी झालेली.

"अहो साहेब, मी घरी जाऊ कशी?"

"अक्का, जरा लांब टांगा टाका."

"त्या कुठून आणू?"

"तक्रार असेल तर उद्या सुनावणी आहे. या ना! नवव्या पायरीवर."

दुसऱ्या दिवशी गोदाक्का पहिल्याच पायरीला नखं खरवडत राहिली. ती वर आली नाही, म्हणजे तिची तक्रार नाही, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. मला इतका संताप आला बाळांनो, की मी गोष्ट इथेच सोडणार होतो. पण तेवढ्यात म्हैस आली.

म्हशीला स्थापत्यातलं काही कळत नाही. तिच्या पाठीला खाज सुटली होती. तिने बांधाला पाठ घासली आणि बांध ढासळला. गोदाक्का त्या खिंडारातून घरंगळत थेट पाण्यात! डोकं वर काढून ती पोटभर हसली.

"वा! रहिवाशांची सोय म्हणतात ती हीच!" पाहणीला आलेले सिंहमहाराज म्हणाले. करकोच्याला शाल-श्रीफळ मिळालं.

"नकाशात होतंच ते," करकोचा लाजून म्हणाला.

दोन दिवसांनी गोदाक्का ऊन खाऊन परतली. खिंडारात एक कोनशिला होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सिमेंटने घट्ट बसवलेली, हार घातलेली. तिच्यावर कोरलं होतं : 'हा मार्ग श्रीमती गोदाक्का कासव यांच्या सोयीसाठी खुला करण्यात आला आहे.'

गोदाक्काने ते दोनदा वाचलं. मग ती म्हशीला शोधायला निघाली. म्हशीची खाज मात्र परवाच भागली होती.

तात्पर्य : कोणाची सोय केली, ते दगडावर ठळक कोरावं. नाहीतर ज्याची झाली, त्याला कळत नाही.