दारांची संख्या किमान एक

आमच्या जिल्हा नोंदणी कचेरीत गेल्या वर्षापासून माणसाला एकट्याने जन्माला येता येत नाही. बाळ, बाळाची आई, घर आणि घराचा प्रमुख अशा चार नोंदी चार तक्त्यांत एकाच वेळी कराव्या लागतात. बाळाला आईचा क्रमांक लागतो, आईला घराचा, घराला प्रमुखाचा. आणि प्रमुखाला क्रमांक मिळायचा तर त्याच्या घरात आधी कोणीतरी नोंदलेलं असावं लागतं. म्हणून चारही अर्ज संगणकावर भरून एकदाच कळ दाबायची. एका रकान्यात चूक निघाली, की चारही नोंदी पुसल्या जातात. दफ्तरात अर्धवट सत्य राहू नये, असा त्यामागे उदात्त हेतू आहे. 'ज्या एकत्र येतील त्या एकत्रच जातील,' असं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापलंय. पुस्तिका मी केळी तळता तळता वाचली. शिकवायला कोणी आलं नव्हतं.

त्याआधी एक वही होती. तीत मी नाव लिहायची, आणि बाळ जन्मलेलं असायचं.

सोमवारी तिरेसा आपल्या चार महिन्यांच्या मुलीला, वाइमोआनाला, घेऊन आली. पोरीचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. निम्मं दूध फटीतून बाहेर सांडायचं. पुढच्या आठवड्यात परदेशी डॉक्टरांचं जहाज बेटाला लागणार होतं. शस्त्रक्रियेची यादी शुक्रवारी चार वाजता संगणकातून निघणार होती. ज्याला क्रमांक नाही, त्याला यादीत जागा नाही. पुढचं जहाज तीन वर्षांनी.

"मावशी, होईल ना?"

"चार अर्ज तर आहेत," मी म्हटलं. "बैस."

मी अर्जासाठी पोरीचा फोटो काढला. ती नेमकी तेव्हाच हसली, फाटक्या ओठाच्या दोन्ही बाजूंनी.

घोडं अडलं ते प्रमुखापाशी. लाउतोगी हा त्यांच्या घराण्याचा प्रमुखपदाचा किताब तिरेसाचे तीन काका मिळून धारण करतात. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. रकाना मात्र एकाच माणसापुरता होता. तिघे धुतलेल्या लुंग्या नेसून कचेरीत आले.

"थोरल्याचं लिही, सोलीना," मधला म्हणाला.

"लिही की," धाकटा म्हणाला. "म्हणजे चर्चच्या जेवणाचं डुक्करही दर वेळी प्रमुख म्हणून थोरल्यानेच द्यायचं."

थोरला लगेच म्हणाला, "मी कधी म्हटलं माझं लिही?"

दोन तास कोणी हलेना. शेवटी नावाच्या जागी नुसता किताब लिहावा आणि तिघांच्या जन्मतारखांची सरासरी काढावी असं ठरलं. निघाली ती एका मंगळवारची तारीख. त्या दिवशी तिघांतला एकही जन्मला नव्हता. संगणकाने ती मुकाट्याने घेतली. त्याला रकाना भरलेला दिसला.

बुधवारी मी कळ दाबली. पडद्यावर लाल ओळ उमटली: 'दारांची संख्या किमान एक असावी.' चारही नोंदी पुसल्या गेल्या. मी राजधानीतल्या कोलोसी साहेबांना फोन लावला.

"दार नाही म्हणजे? माणसं आत कशी येतात?"

"चालत."

"कुठून?"

"जो जिकडून येत असेल तिकडून. साहेब, खांबांवर छप्पर आहे, भिंतीच नाहीत. तुमच्या आईचं घर कसंय?"

"तसंच आहे," ते म्हणाले. "पण तिची नोंद वहीतली आहे."

"मग मी नुसतंच 'एक' लिहू?"

"लिहा. पण तपासनीस येईल."

गुरुवारी तिन्ही काकांनी शाळेच्या पाडलेल्या संडासाचं दार चौकटीसकट उचलून आणलं आणि समोरच्या दोन खांबांमध्ये उभं केलं. कडी बसवली. दाराच्या डावीकडून समुद्र दिसत होता, उजवीकडून फणसाची झाडं. मधल्याने आत-बाहेर करून पाहिलं आणि सवयीने बाजूनेच परत आला.

"दारातून ये रे," थोरला ओरडला. "उद्या चुकशील."

शुक्रवारी सकाळी तपासनीस मागच्या अंगाने आले. त्यांना मांडी घालून बसलेले तिघे दिसत होते, तिघांना ते दिसत होते. त्यांनी घराला वळसा घातला, पुढे आले आणि दार ठोठावलं.

"कोण आहे?" थोरल्याने त्यांच्याकडे बघत विचारलं.

"तपासनीस."

"थांबा हं, उघडतो."

चारला दहा मिनिटं असताना मी कळ दाबली. नोंदी पडल्या, चारच्या चार. तिरेसाने पोरीचा मुका घेतला आणि मग, चुकून, माझाही.

जहाज आलं, ओठ शिवला गेला, जहाज गेलं. पाच महिन्यांनी लसीच्या कार्डासाठी मी नवा फोटो पाठवला, आणि राजधानीतून पत्र आलं. 'नवीन चेहरा मूळ नोंदीशी जुळत नाही. तीस दिवसांत चेहरा नोंदीनुसार पूर्ववत करून घ्यावा. अन्यथा परस्परसंबंधित चारही नोंदी एकत्रित रद्द होतील.' त्या मंगळवारी जन्मलेल्या माणसाबद्दल कोणाची हरकत नव्हती. दाराबद्दलही नव्हती. सगळ्या दफ्तरात एक फोटो तेवढा खरा होता.

एकतिसाव्या दिवशी मी तिरेसाच्या घरी गेले.

"म्हणजे आता ही नाही?" तिने विचारलं.

"आहे गं. दफ्तरात नाही."

"आणि मी?"

"तूही नाहीस. काका नाहीत, घरही नाही."

धाकट्याने पाना शोधायला घेतला. "घरच नाही तर दार कशाला? काढतो."

"राहू दे," थोरला म्हणाला. "लोक ठोठावतात. बरं वाटतं."

नोंद पुन्हा भरायची तर जुना फोटो आणि नवा फोटो जुळावे लागतात, म्हणून ती अजून व्हायची आहे. वाइमोआना रांगायला लागलीय. ती दाराच्या बाजूने आत येते, बाजूनेच बाहेर जाते, आणि मिटल्या ओठांनी, नीट, हसते. तिला कोण अडवणार? ती कुठे लिहिलेलीच नाही.

तुम्हीही हसला असाल. या एकदा. चारी बाजू मोकळ्या आहेत, वाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. पण आजवर जेवढे शिकलेले पाहुणे आले, ते सगळे दारापाशीच थांबले, चपला काढून, हातातले कागद सावरत. तुमच्यासाठीही कडी आतून लावून ठेवलीय.