काळोखातले धाकटे यंत्र

श्रीसूर्यनारायण समर्थ. जे तेज दिसते त्यास नमन, जे दिसत नाही त्यास अधिक नमन. शके १९१२, प्रमोदनाम संवत्सर, चैत्र मासी एके राज्यी राजेसाहेबांची आज्ञा जाहली की, सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगापलीकडे एक किरण आहे, तो डोळ्यांस दिसत नाही परंतु कातडी भाजतो आणि डोळे नासवितो, त्याचे माप करावे. कारण राज्याचे समुद्रकाठी मिठागरे होती, आणि तेथे वरून ऊन आणि खालून मिठाची चकाकी, ऐसी माणसे दोहींकडून भाजत होती. ते काम मैनाबाई तांबट इजकडे सोपविले. बाई तिशीच्या आत, कामात काटेकोर, शंका फिटल्यावाचून घास न घेणारी. आणि तिचे बरोबरीने रायाजी केळुसकर म्हणून निरीक्षक होता. पहिले यंत्र सिद्ध केले, त्यावर साध्या काचेचे झाकण घातले, आणि काटा जागचा हलेना. रायाजी म्हणाला, "बाई, आपले यंत्र वामकुक्षी करते." बाईने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "यंत्र जागे आहे हो. आपणच दारावर पहारा बसविला. साधी काच तो किरण आत सोडीतच नाही." मग स्फटिकाचा घुमट केला आणि त्याखाली दुधाळ चकती बसविली, की साऱ्या आकाशाचा उजेड सारखा उतरावा, तिचेखाली काळी काच, की तो एकच किरण पार व्हावा, आणि तळाशी त्या किरणाची वीज करणारा तुकडा. भर दुपारी काटा उठला आणि शंभरावर जाऊन थरथरला. दोघे काट्याकडे पाहत उभी राहिली. बोलावयाचे ते काट्याविषयी नव्हते, आणि ते बोलणे राहिले.

मग बाईस नवी शंका आली. ती म्हणाली, "रायाजी, जो किरण आपण मोजतो तोच ही चकती पिवळी करील. उद्या काटा उतरला तर आकाश निवले की यंत्र म्हातारे झाले, हे सांगणार कोण?" म्हणून ज्या दुधाळ पाट्यातून पहिली चकती कापिली, त्याच पाट्याच्या दुसऱ्या चकतीचे जुळे यंत्र केले. थोरले छतावर रोज उन्हात राहावे आणि धाकटे पेटीत मोहोरबंद काळोखात राहावे, आणि सात वर्षांनी दोन्ही शेजारी ठेवून काटे पाहावे, ऐसे ठरले. दोन्ही एके घरी असता कोणाचा तरी हात पेटीस लागेल, म्हणून धाकटे दूरच्या जलदुर्गी न्यावे. आणि पेटी न उघडण्याचे मोल ज्यास ठाऊक तोच राखणदार असावा, म्हणून रायाजीस हुकूम जाहला. नाव सुटताना बाई एवढेच म्हणाली, "पेटी जपा." रायाजी म्हणाला, "जपतो."

सात वर्षे गेली. बाई रोज मध्यान्ही काटा टिपीत असे, आणि टिपून जाहल्यावर उगीच दक्षिणेकडे पाही, जेथे जलदुर्ग दिसत नसे. थोरल्याचे अंकांवरून मिठागरावर दुपारी तुतारी वाजे, आणि चार घटका सारी माणसे सावलीस जात. परंतु काटा वर्षोवर्षी उतरत एक्याऐंशीवर आला. तेव्हा दिवाणजी म्हणाले, "आकाश निवले. तुतारी बंद करावी, मीठ वाढेल." मिठागराची मुकादमीण भागीरथी म्हणून होती, ती कचेरीत येऊन म्हणाली, "दिवाणजी, निवलं म्हणता, तर एक दुपार आमच्याबरोबर उभे राहा की! पागोटं माझ्याकडे द्या." दिवाणजी खोकले. मग ठराव जाहला की, धाकटे आणावे, ते सांगेल ते खरे.

ईश्वरनाम संवत्सरी रायाजी पेटी घेऊन आला. कानशिलापाशी केस पांढरे, डोळे लाल. भर मध्यान्ही दरबार छतावर जमला, दोन्ही यंत्रे शेजारी ठेविली, आणि दोन्ही काटे एक्याऐंशीवर उभे राहिले. दिवाणजी हर्षून म्हणाले, "दोन साक्षी, एक वचन! तुतारी बंद!" भागीरथी मटकन खाली बसली. तेव्हा रायाजी पुढे जाहला आणि म्हणाला, "धाकट्याची साक्ष घेऊ नये. पहिल्याच महिन्यात मी मोहोर फोडिली. सात वर्षे ते रोज उन्हात होते." सारे थक्क जाहले. राजेसाहेब म्हणाले, "कारण?" रायाजी म्हणाला, "थोरले या वेळी उघडे असेल आणि त्यापाशी कोणी उभे असेल, हे ठाऊक होते. एकट्यास काळोखात ठेववेना." भागीरथी बसल्या जागेवरून म्हणाली, "यंत्राला होय रे बाबा?"

मैनाबाई कोणाकडे न पाहता घरी गेली आणि एक पितळी डबी घेऊन आली. दोन चकत्या कापिल्या तेव्हा त्या पाट्याची तिसरी उरली होती, आणि तिचे कडेस रायाजीने आपले हातची एक रेघ कोरली होती. ती काळ्या वस्त्रात गुंडाळून बाईने सात वर्षे मिटून ठेविली. राजेसाहेबांनी पुसले, "ही कधी उघडली होती?" बाई म्हणाली, "रोज उघडावीशी वाटली. एकदाही उघडली नाही." मग घुमट काढून थोरल्याची पिवळी चकती उतरविली, ही बसविली, घुमट पुन्हा घातला, आणि काटा उठून नव्याण्णवावर गेला. आकाश होते तेथेच होते. तुतारी वाजविणारा हुकमाची वाट न पाहता धावला.

रायाजी खरे बोलला म्हणून शिर वाचले. मोहोर फोडिली म्हणून आणखी सात वर्षे जलदुर्ग ठरला. नवी साक्षीची पेटी दुसऱ्या राखणदाराकडे डोंगरात गेली. नाव सुटावयाचे वेळी बाई धक्क्यावर आली आणि ते बिघडलेले धाकटे त्याचे हाती देती जाहली. तो म्हणाला, "हे आता कशास उपयोगी?" बाई म्हणाली, "कशासही नाही. म्हणून यास झाकावयाचे कारण उरले नाही. मध्यान्ही बाहेर ठेवीत जा. मीही छतावर असते."

तात्पर्य, तुतारी चालली, मिठागराची माणसे सावलीस बसती जाहली, आणि आकाशाचे माप लागले. दोघे आपापले छती मध्यान्ही उभी राहत, त्याचे माप कोणत्या काट्यावर उठले नाही. जैसे ऐकिले तैसे लिहिले. उणे असेल ते सूर्यनारायणाने पाहिलेच आहे.