सव्वादोनशे किलोचं गाऱ्हाणं

"पियानो म्हणजे शेवटी काय, मोठी पेटीच ना?" गणपती मंडळाच्या ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत बसून अध्यक्ष धोंडूकाका परब म्हणाले, आणि खरं तर तिथेच सगळं बिघडलं.

समोर त्यांची चौदा वर्षांची नात ऋतिका हातात चिठ्ठी घेऊन उभी होती. चिठ्ठी हिल्डा टीचरची. चकाल्याच्या गावठाणात चाळीस वर्षं पोरांना पियानो शिकवणाऱ्या हिल्डा टीचरचं घर बिल्डरकडे गेलं होतं. भाड्याच्या नव्या जागेत पियानो मावत नव्हता, म्हणून त्यांनी तो ऋतिकाला फुकट देऊ केला होता. अट एकच, पियानो जाणत्या माणसाकडूनच हलवायचा. संध्याकाळी पाच वाजता त्या स्वतः घाटकोपरला ऋतिकाच्या घरी येऊन बघणार होत्या. कुठे आपटलेला दिसला, की पियानो थेट बोरिवलीला. तिथे धवल नावाचा दुसरा विद्यार्थी टपूनच बसला होता.

"टीचरनी सगळं लिहून दिलंय आजोबा," ऋतिका म्हणाली. "आधी जिना मापायचा. मग चार चाकांची फळी, रुंद पट्टे आणि जाड गोधड्या लागतील. आणि हा इसिडोर अंकलचा नंबर. ते हेच काम करतात."

"इसिडोर?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि हे मंडळ काय करतं मग? तीस वर्षं चौदा फुटी गणपती आणतो आम्ही. तीस वर्षं! एक बोट कधी तुटलं नाही मूर्तीचं. आता आम्हाला चकाल्याची टीचर शिकवणार, वस्तू कशी उचलायची ते?"

तीस वर्षांचा हिशोब बरोबर होता. त्या तीस वर्षांत काकांनी स्वतः काय उचललं, हे मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. मूर्ती ट्रॉलीवर असे, ट्रॉलीला चाकं असत, मागून साठ पोरं ढकलत आणि काका पुढे शिट्टी वाजवत चालत. पण तीस वर्षं शिट्टी वाजवली, की माणसाला वाटायला लागतं, मूर्ती शिट्टीनेच चालते.

"आजोबा, प्लीज. मला तो पियानो हवाय," ऋतिका म्हणाली.

"मिळणार! पाचच्या आत तिसऱ्या मजल्यावर. परबाचा शब्द आहे." एवढं बोलून काकांनी चिठ्ठीच्या चार घड्या केल्या आणि ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं. चिठ्ठीचा त्या दिवशी काकांना झालेला उपयोग एवढाच.

सिद्धेश, निलेश आणि मंडळाची आणखी चार पोरं टेम्पो घेऊन चकाल्याला गेली. निघताना पियानो हिल्डा टीचरच्या शेजाऱ्यांनी ओट्यावरून सरळ टेम्पोत ढकलून दिला, त्यामुळे पोरांना वाटलं, झकास, काम सोपं आहे. तीन वाजता टेम्पो सोसायटीच्या दारात उभा राहिला. पियानोवर मंडपातला लाल सॅटिनचा पडदा गुंडाळलेला होता.

काकांनी गणपतीची ट्रॉली काढून ठेवली होती. ती सात फूट रुंद होती आणि इमारतीचं दार साडेतीन फूट. दार तर कापता येत नव्हतं, म्हणून ट्रॉली बाद झाली. "हरकत नाय," काका म्हणाले. "बांबू आणा. पालखीसारखी नेऊ."

बांबू आले, काथ्याचे दोर आले. पियानोला दोन्ही बाजूंनी आवळून सहा जणांनी खांदे लावले. काका चार पायऱ्या वर जाऊन उभे राहिले, तोंडात शिट्टी. सव्वादोनशे किलोचा तो पियानो जमिनीपासून वीतभर उचलला गेला, तेव्हा सिद्धेशच्या तोंडून जो आवाज आला तो आईने ऐकला असता तर तिला रडू फुटलं असतं.

"काका, लई जड आहे यार हे!"

"बाप्पा नाही जड? चल, दम लाव!"

अर्ध्या जिन्यावर वळण आलं. दहा फुटी बांबू तिथे दोन्ही भिंतींना टेकले आणि पालखी अडकली. मग पियानो पायरीवर टेकवून बांबू काढावे लागले, आणि पुढची चढण नुसत्या हातांनी सुरू झाली. घामाने हात निसटत होते. सॅटिनचा पडदा तर मुळातच निसटता. तरीही पोरं जिद्दीची. पावणेचारला पियानो पहिल्या मजल्यावर पोचला, आणि चारला पहिल्या मजल्याच्या वर पाच पायऱ्या.

तिथे पोरांचं अवसान गेलं. निलेश म्हणाला, "काका, नाय होणार. त्या इसिडोरला बोलवा."

आता ह्या वाक्यावर काकांनी विचार करायला हवा होता. पण माणसं कच खायला लागली, की तळकोकणातला माणूस विचार करत नाही, गाऱ्हाणं घालतो. काकांनी शिट्टी काढली, डोळे मिटले, आणि गावच्या देवळात उभं असल्यासारखा खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां पियानो घेवन वर चलली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सहा जण धापा टाकत म्हणाले.

"तेंच्या वाटेत जी काय इडापिडा आसात, नडअडचण आसात, ती दूर कर, आणि ही वस्तू सुखरूप जाग्यार पोचव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला होकार देताना हात जोडायचे असतात. हे सहाही जणांना कळायला लागल्यापासून माहीत होतं, आणि आता तर त्यांचा देवावर पूर्ण भरवसा बसला होता.

"व्हय म्हाराजा!" म्हणत बाराच्या बारा हात भक्तिभावाने जोडले गेले.

पियानो क्षणभर एकटाच जिन्यावर उभा राहिला. मग तो पाच पायऱ्या खाली उतरला. प्रत्येक पायरीवर त्याच्या पोटातल्या सगळ्या तारा एकदम झणाणल्या. दोघे कठड्यावर चढले, दोघे भिंतीला चिकटले, निलेश वर उडाला आणि सिद्धेश कसा वाचला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, तेवढं देवाने ऐकलं. पियानो पहिल्या मजल्यावर सुंदराबाईंच्या दाराला पाठ लावून, आडवा जिना अडवून थांबला.

आतून लगेच आवाज आला. "कोण मेलो दार लावता? माका मुलुंडाक जावचा हा! भाच्याचो साखरपुडो हा साडेपाचाक!"

सुंदराबाई म्हणजे इमारतीतलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांच्या घराला बाहेर उघडणारा लोखंडी जाळीचा दरवाजा होता, आणि तो आता दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता. त्या दोन बोटांतून त्यांचा एक डोळा आणि नाकातली नथ दिसत होती.

"वयनी, पाच मिनिटं," काका वरून म्हणाले. ते वरच अडकले होते. "सिद्धेश, खोबरेल आण! खाली ओत, म्हणजे सरकेल."

सिद्धेशने अख्खी बाटली ओतली. पियानो सरकला नाही, पण त्याला ढकलायला उभं राहणारं प्रत्येक माणूस सरकायला लागलं. एकाने ढकलायचं, त्याने पडायचं, पडताना दुसऱ्याला धरायचं. दहा मिनिटांत मंडळाची सहाही पोरं तेल लावलेल्या पापलेटासारखी चकाकत जिन्यावर बसली होती. खालची माणसं वर जाऊ शकत नव्हती, वरची खाली येत नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ भाजी आणायला निघाले होते, त्यांनी रिकामी पिशवी कठड्यावरून खाली सोडून भाजीवाल्याला हाका मारायला सुरुवात केली.

ऋतिका खालच्या वळणावर उभी होती. रडून झालं होतं. चिठ्ठी आजोबांनी घेतली, तरी तिने आधीच मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला होता. तिने आजोबांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या देखत आधी इसिडोर अंकलना आणि मग हिल्डा टीचरला फोन लावला. काकांना वाटलं, पोरीला थांबवावं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि तशीच परत काढली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शिट्टीचा काहीच उपयोग नव्हता.

पाचला दहा मिनिटं असताना हिल्डा टीचर आल्या. अंगात गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, हातात छत्री. सोबत साठीचा, काटकुळा इसिडोर आणि गोधड्यांचा गठ्ठा घेतलेला त्याचा एक जोडीदार. इसिडोरच्या काखेत गादी लावलेली चार चाकांची फळी आणि खांद्यावर पट्ट्यांचं भेंडोळं. एवढ्याशा माणसाकडे बघून निलेशला हसू आलं, पण हसताना तो परत घसरला.

हिल्डा टीचरनी सॅटिनचा पडदा बाजूला केला. एका कोपऱ्याचं लाकूड सोललं होतं, एक पेडल वाकलं होतं. त्यांनी झाकण उघडून उभ्या उभ्याच दहा बोटं ठेवली. आवाज आला. त्यांनी डोळे पुसले आणि मग वर बघितलं.

"कोणी उचलला हा?"

"देवाच्या कृपेने आम्ही सर्वांनी," काका म्हणाले.

"देवाचं नाव कशाला घेता? त्याला तरी विचारलं होतं का?"

इसिडोरने तेलावर गोणपाट पसरलं, पियानोला दोन पट्टे बांधून ते कठड्याच्या लोखंडी खांबाला आवळले, आणि खिशातून माप काढून, कठडा धरून पियानोच्या पलीकडे सरकत वर चढला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "हे काय आहे?"

ते संगमरवरी देऊळ होतं. लोक वळणावर पान खाऊन थुंकतात म्हणून काकांनी चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या खर्चाने कोपऱ्यात बांधून घेतलेलं. दिवा, घंटा, आणि खाली ठळक अक्षरांत काकांचं नाव. देऊळ भिंतीपासून दीड फूट पुढे आलं होतं.

"ह्याच्यामुळे सहा इंच कमी पडतात," इसिडोर म्हणाला. "पियानो वर जायचा नाय. हे फोडलं तरच."

"देऊळ फोडायचं?" काका कळवळले.

"मग बोरिवली," हिल्डा टीचर म्हणाल्या. "सॉरी बाळा. तुझी काही चूक नाय."

ऋतिकाने मान हलवली. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसतं आजोबांकडे बघत राहिली. काकांना आजवर वर्गणीवरून शिव्या बसल्या होत्या, लाउडस्पीकरवरून पोलिसांनी झापलं होतं, पण इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

"टीचर, तळमजल्यावर चालेल का?" सिद्धेश हळूच म्हणाला. "मंडळाचं ऑफिस आहे. मोठी खोली आहे."

ते ऑफिस म्हणजे काकांचं वैकुंठ. फिरती खुर्ची, ढालींचं कपाट, भिंतीवर नगरसेवकांबरोबरचे फोटो. दुपारची झोपसुद्धा काका तिथेच काढत.

"ते मंडळाचं आहे," काका घाईने म्हणाले. "तिथे मीटिंग असतात. कार्यकारिणीत ठराव घ्यावा लागेल. सर्वांचं मत..."

तेवढ्यात जाळीच्या दोन बोटांतून खणखणीत आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या धोंडून माका घरात कोंडून घातला हा रे म्हाराजा!"

पोरांनी सवयीने माना वर केल्या. "व्हय म्हाराजा!"

"तेका बुद्धी दी, आणि तेची ती खोली ह्या गुणी चेडवाक, ऋतिकाक मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बारा हात जोडले गेले. पियानो जागचा हलला नाही, कारण तो इसिडोरच्या पट्ट्यांनी धरला होता. गाऱ्हाण्यात पडलेलं मत काकांना मोडता येईना. सभेचा ठराव फिरवता येतो, इतिवृत्तात खाडाखोड करता येते, पण देवासमोर सहा साक्षीदारांनी हो म्हटल्यावर कोकणातला माणूस काय करणार? त्यांनीही हात जोडले.

पुढचं काम बारा मिनिटांत झालं. इसिडोर आणि त्याच्या जोडीदाराने पियानो गोधड्यांत गुंडाळला, पट्टे धरून एकेक पायरी खाली सोडला आणि खाली आल्यावर फळीवर चढवला. हुकूम एकाच माणसाने द्यायचे होते, ते त्याने ऋतिकाला द्यायला लावले. "थांब" म्हटलं की थांबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. मंडळाच्या पोरांना फक्त एक काम होतं, लांब उभं राहायचं. सुंदराबाई दार उघडून नथ सावरत बाहेर पडल्या आणि मुलुंडला गेल्या. साडेपाचला ऋतिकाने पियानो वाजवला. हिल्डा टीचरनी सगळं ऐकलं, बोरिवलीचं नाव परत काढलं नाही, आणि जाताना खोलीची किल्ली काकांकडून मागून तिच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर काकांच्या अक्षरात सूचना लागली: 'मा. अध्यक्षांच्या कल्पक नेतृत्वाखाली मंडळाने अद्ययावत संगीत कक्ष सुरू केला आहे.' चार जणांनी काकांचं अभिनंदन केलं. काकांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

आठवड्याभरात गणपतीची पहिली मीटिंग भरली. खोलीत ऋतिकाचा सराव चालू होता, म्हणून मीटिंग बाहेर पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून घ्यावी लागली. ज्यांचा आवाज तीन इमारतींपर्यंत जायचा ते धोंडूकाका कुजबुजत अहवाल वाचत होते. सिद्धेशला वर्गणीचा मुद्दा ऐकू आला नाही, तो म्हणाला, "काय?" आणि दार उघडलं.

"आजोबा, परीक्षा आहे माझी. वर घरी घ्या ना तुमची मीटिंग."

मंडळाने एकमेकांकडे पाहिलं. काका उठले. त्यांनी आपली खुर्ची स्वतः उचलली, पोरांनी आपापल्या उचलल्या, आणि कार्यकारिणी रांगेने जिना चढू लागली. देवळाच्या वळणावर काका थांबले. सवयीने पोरांचे हात नमस्काराला वर जायला लागले होते.

"कोणी हात जोडू नका रे," काका मागे वळून हळूच म्हणाले. "आधी खुर्च्या वर पोचू द्या."