चिचुंद्रीची नोंद

एका जंगलात, बाळांनो, एकदा ज्ञानकोश काढायचं ठरलं. का ठरलं, ते विचारू नका. शेजारच्या जंगलानं काढला होता, एवढं कारण पुरे.

संपादक म्हणून गव्याला नेमलं, कारण तो सगळ्यांत वजनदार होता. लिहायला साळोबा नावाचं साळिंदर घेतलं, कारण त्याच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या. साळोबाचा उत्साह असा दांडगा, की आठवड्यात तो 'च'पर्यंत पोचला. तिथं त्यानं लिहिलं: चिचुंद्री, शास्त्रज्ञ.

ही चिचुंद्री तळ्याकाठी राहायची. दर पावसाळ्यात तळं गढूळ व्हायचं आणि पिल्लांची पोटं बिघडायची. चिचुंद्रीनं पाच वर्षं नाना बिया उगाळून पाहिल्या. शेवटी निवळीची बी सापडली. ती उगाळून टाकली की गाळ खाली बसे. साळोबाचं धाकटं पिल्लू त्या पाण्यानंच वाचलं होतं. बाकीचे नुसते पाणी प्यायचे; कुणी केलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

गव्यानं नोंद वाचली आणि विचारलं, "हिच्याविषयी आधी कुणी लिहिलंय?"

"नाही. म्हणून तर आपण लिहायचं," साळोबा म्हणाला.

"कुणीच लिहिलं नाही, तर आपण कसं लिहिणार? आधी कुणीतरी लिहू दे."

साळोबानं तळ्याकडे बोट दाखवलं. मोर म्हणाला, पाणी स्वच्छ आहे हे मान्य, पण त्यावर तिची सही कुठं आहे? मोरानं 'म' यायच्या आधीच स्वतःसाठी तीन पानं अडवून ठेवली होती.

गव्यानं नोंद खोडली. साळोबाचे सगळे काटे उभे राहिले. त्यानं ती पुन्हा लिहिली. गव्यानं पुन्हा खोडली. असं अकरा वेळा झालं. पोपटांनी ही बातमी झाडोझाडी नेली. जंगलात नोंदवाले आणि खोडवाले असे दोन तट पडले. कोल्ह्यांच्या दोन सोयरिकी मोडल्या. माकडांनी मोर्चा काढला आणि कुणाच्या बाजूनं ते विसरल्यामुळे दोन्हीकडच्या घोषणा दिल्या.

शेवटी शेजारच्या जंगलाच्या वर्तमानपत्रात या भांडणाची बातमी छापून आली. गवा आनंदानं उडालाच. आता पुरावा मिळाला होता! त्यानं नोंद मंजूर केली. बातमीत होतं तेवढंच तिच्यात आलं: "चिचुंद्री. हिची नोंद घ्यावी की नाही, यावरून मोठा वाद झाला. इतर माहिती उपलब्ध नाही."

साळोबा ते पान घेऊन तळ्यावर गेला. त्याला आनंदही होत होता आणि लाजही वाटत होती. चिचुंद्रीनं पान दोनदा वाचलं.

"अहो साळोबा, बी किती उगाळायची ते राहिलंच की," ती म्हणाली. "मी गेल्यावर पिल्लांनी काय करायचं?"

तिनं त्याचा एक काटा मागून घेतला आणि काठच्या खडकावर सगळी रीत कोरली. नाव घालायला जागा उरली नाही, आणि तिला त्याची आठवणही झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात गवा स्वतः खडक वाचून बी उगाळू लागला. पाणी निवळताच त्यानं साळोबाला बोलावून 'न'मध्ये नोंद करायला लावली: निवळीची बी. शोधक: अज्ञात.

तात्पर्य: शोध लावायला पाच वर्षं जातात, भांडण लावायला एक सकाळ पुरते. तेव्हा बाळांनो, ज्ञानकोशात जायचं असेल तर वेळ वाया घालवू नका. पाणी कुणीतरी स्वच्छ करीलच.