सगळ्यांना पाठवणारे दत्तारामबाब

म्हापशाच्या बसस्टँडवर एखादा परगावचा माणूस येऊन "कोल्हापूरची गाडी किती वाजता?" असं विचारायचा, आणि खिडकीच्या आतून दत्तारामबाब त्याला शांतपणे उलट विचारायचे, "तुमची जात कोणती?"

माणूस दचकायचा. कोणी रागवायचा, कोणी इकडेतिकडे बघायचा. एकाने तर खरंच सांगून टाकली होती.

"न्हय हो, ती कोणाला हवी?" दत्तारामबाब म्हणायचे. "प्रवासाची जात विचारतो."

दत्तारामबाब त्या स्टँडवर टाइमकीपर होते. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली हे लिहून ठेवायचं आणि विचारणाऱ्याला वेळ सांगायची, एवढंच त्यांचं काम. पण नुसती वेळ सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. माणूस चुकीच्या गावी सुट्टीला चाललाय असा त्यांना संशय आला, की ते त्याला सोडत नसत. त्यांच्या मते प्रवासी मुळात बसका असतो, चालका असतो, खादाड असतो, देवाचा असतो, नाहीतर भांडका असतो. बसक्या माणसाला घाटात पाठवलं की तो आजारी पडतो, आणि चालक्याला समुद्रावर पाठवलं की तो दुसऱ्या दिवशी घरी परत येतो. "जगातली अर्धी भांडणं चुकीच्या जागी सुट्टी घालवल्यामुळे होतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. उरलेल्या अर्ध्यांबद्दल ते काही बोलत नसत.

धारगळला आमची घरं समोरासमोर. मी तिथल्या हायस्कुलात मास्तर. लग्न झाल्यावर मी महाबळेश्वरला जायचं ठरवलं आणि मोठ्या हौसेने त्यांना सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या नलिनीकडे पाहिलं.

"महाबळेश्वर नको. विजयदुर्गाला जा."

"का हो?"

"तुम्ही दोघं भांडक्या जातीचे. अजून तुम्हाला समजलेलं नाही, एवढंच. लॉजमध्ये एकच खोली, भांडलात तर जाणार कुठे? किल्ला मोठा असतो. एकाने एका बुरुजावर बसावं, दुसऱ्याने दुसऱ्या. भूक लागली की आपोआप खाली भेट होते."

आम्ही हसलो, आणि महाबळेश्वरच्या लॉजमध्ये जागा मिळाली नाही म्हणून विजयदुर्गालाच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोन वेगवेगळ्या बुरुजांवर बसलो होतो.

या सल्ल्याच्या बदल्यात त्यांची एकच अट असे. परत आल्यावर धारगळला घरी यायचं, सोप्यावर बसायचं आणि शालूवहिनींना सगळं सांगायचं. शालूवहिनी म्हणजे त्यांची बायको. "आमच्या हिला गाडी लागते," ते प्रत्येकाला सांगत. "कोलवाळचा पूल आला की संपलं. म्हणून आमचं जाणं होत नाही. तुम्ही येऊन सांगा, तेवढाच तिला पासय." पासय म्हणजे आमच्याकडे फेरफटका, मोकळ्या हवेत फिरून येणं.

आणि लोक खरंच येत. डिचोलीचे निवृत्त तलाठी येऊन वेंगुर्ल्याच्या बंदराबद्दल दीड तास बोलून गेले. म्हापशात बांधकामावर असलेला बेळगावकडचा एक गवंडी गावची जत्रा करून आला आणि वहिनींसाठी कुंदा घेऊन आला. हंपीला निघालेल्या एका गोऱ्या माणसाला दत्तारामबाबांनी खाणाखुणा करून हरमलच्या किनाऱ्यावर पाठवलं होतं. बसका तो, त्याला दगड कशाला दाखवायचे, असं त्यांचं म्हणणं. दोन महिन्यांनी तो सोप्यावर हजर झाला आणि इंग्रजीत बोलत राहिला. वहिनींना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी त्याला सोलकढी दिली, शेवटपर्यंत ऐकलं, आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "बिचाऱ्याला आईची आठवण येते."

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत कोकणी की मराठी यावरून घराघरात अबोला होता. आमच्या वाड्यावरचे भिकाजी आणि गोविंद हे सख्खे शेजारी एकमेकांच्या अंगणात पाय ठेवीनासे झाले. दत्तारामबाबांनी दोघांना वेगवेगळं गाठून गोकर्ण सुचवलं आणि एकाच गाडीत शेजारच्या सीटवर बसवून दिलं. परत आले तेव्हाही ते बोलत नव्हते. पण वहिनींकडे एक सकाळी येऊन गेला, दुसरा संध्याकाळी, आणि गोकर्णाला एका गाईने पिशवीतले पाव खाल्ल्याची हकिगत दोघांनीही सांगितली. एकाने कोकणीत, दुसऱ्याने मराठीत. पिशवी प्रत्येकाने दुसऱ्याची असल्याचं सांगितलं.

दत्तारामबाब स्वतः मात्र धारगळ ते म्हापसा रोज सायकलने जात-येत. ऊन असो, पाऊस असो. "बसमध्ये सगळे ओळखीचे भेटतात, डोकं खातात," असं म्हणायचे. ज्यांचं डोकं ते दिवसभर खात त्यांच्याबद्दल हे बोलणं मला जरा जास्तच वाटे.

राज्य झालं त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला जायचं ठरवलं. नलिनी सहज वहिनींना म्हणाली, "तुम्ही पण चला. लिंबू घेऊ, आल्याच्या वड्या घेऊ. चार दिवसांचा तर प्रश्न."

वहिनी विहिरीवर कळशी घासत होत्या. त्यांनी कळशी पालथी घातली.

"मला कुठे लागते गाडी," त्या म्हणाल्या. "त्यांना लागते."

नलिनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वहिनींनी सांगितलं. लग्नाला महिना झाला होता. डिचोलीच्या माहेराहून दोघं बसने परत येत होते आणि वाटेत त्यांना उलटी झाली, ती त्यांच्याच नव्या कोटावर. म्हापशाला उतरल्यावर स्टँडवरच्या साहेबाने विचारलं, "कोणाला झालं?" त्याच साहेबाकडे दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी जायचं होतं. बसस्टँडवरच्या माणसाला बस सोसत नाही, हे कसं सांगणार? वहिनींनी पटकन म्हटलं, "मला."

"एकदा म्हटलं, मग तेच राहिलं," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं त्यांना. म्हणून तर माणसं घरी धाडतात." जरा वेळाने त्यांनी नलिनीला विचारलं, "आंबोलीला धुकं खिडकीतून आत येतं म्हणतात. खरंच येतं?"

नलिनीने हे सगळं मला सांगितलं आणि कोणाकडे बोलायचं नाही अशी तंबी दिली.

त्या संध्याकाळी वहिनींनी नवऱ्याला सांगितलं, "मी जाते मास्तरांबरोबर."

मी समोरच होतो. दत्तारामबाब सायकलची चेन पुसत होते. "तुला गाडी लागते," ते हळूच म्हणाले.

"वय झालं. आता नसेल लागत. बघते."

ते बराच वेळ चेन पुसत राहिले. मग म्हणाले, "उजव्या बाजूला बस. घाटात दरी उजवीकडे नाही, डावीकडे आहे, पण येताना उजवीकडे येईल. म्हणजे जाताना डावीकडे बस." एवढ्या वर्षांत त्यांना गाडीची बाजू चुकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

म्हापशाला त्यांनी स्वतः आम्हाला जागा धरून दिली. ड्रायव्हरला सांगितलं, "माझी बायको आहे आत." गाडी हलली तेव्हा ते वहीत वेळ लिहीत होते, आणि गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत मला ते तसेच लिहिताना दिसत होते. वेळ लिहायला इतका वेळ लागत नाही.

आंबोलीला धुकं खरंच आत आलं. वहिनींनी हात पुढे केला आणि तळवा बघितला. ओला झाला होता.

कोल्हापुरात त्यांना सगळं आधीच माहीत होतं. अंबाबाईच्या देवळाला किती दरवाजे, मिसळ कुठल्या बोळात, चपला कुठे घ्यायच्या. पण मधूनच त्या थांबायच्या. रंकाळ्यावर म्हणाल्या, "पाण्याला वास येतो. हे कोणी सांगितलं नव्हतं हं." देवळातल्या दगडाची फरशी पायाला गार लागते, हेही कोणी सांगितलं नव्हतं. असं काही सापडलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि लगेच त्या बाजूला बघायच्या, जणू तिथे कोणीतरी असायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आम्ही धर्मशाळेच्या ओसरीवर बसलो होतो. समोरून दत्तारामबाब आले. चेहरा पांढरा, शर्ट चुरगळलेला, हातात अर्धं पिळलेलं लिंबू. दोन दिवसांपूर्वी निघाले होते. बांद्याला उतरले, सावंतवाडीला उतरले, एक रात्र तिथल्या स्टँडवरच्या ओळखीच्या माणसाकडे काढली. आंबोलीला उतरले. आजऱ्याला तर एका हॉटेलवाल्याने त्यांना खाटेवरच झोपवलं. चालत्या गाडीत पाऊण तासापेक्षा जास्त त्यांना बसता आलं नव्हतं.

"रजा शिल्लक होती," ते मला म्हणाले. "फुकट जात होती." मग भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "आणि परतताना हिला गाडी लागली तर? बरोबर कोणीतरी नको?"

वहिनी उठल्या. त्यांच्या हातातलं लिंबू घेतलं, पाण्याचा तांब्या आणून दिला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मला जरा भीतीच वाटत होती."

त्या संध्याकाळी दोघं रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसले. आम्ही जरा लांब बसलो. वहिनी हात करून काहीतरी दाखवत होत्या, दत्तारामबाब तिकडे बघून मान हलवत होते. मग ते काहीतरी विचारत, आणि वहिनी पुन्हा पहिल्यापासून सांगत. इतकं बोलताना मी वहिनींना कधी ऐकलं नव्हतं. नलिनी म्हणाली, "आपण खाली जाऊन पाण्याकडे बसूया." आम्ही भांडलो नव्हतो, तरी बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी ते दोघं पहाटेच्या गाडीने पुढे निघाले. "आम्ही सावकाश येतो," वहिनी म्हणाल्या. आमची गाडी नऊची. उत्तूरच्या पुढे एका फाट्यावर ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली, आणि रस्त्याच्या कडेला चिंचेखाली ते दोघं दिसले. दत्तारामबाब गुडघ्यांत मान घालून बसलेले. वहिनींचा एक हात त्यांच्या पाठीवर सावकाश फिरत होता. त्या मात्र मान वर करून समोरच्या उसाकडे, त्यामागच्या डोंगराकडे बघत होत्या. चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती.

मी खिडकीतून विचारलं, "वहिनी, कसं काय? आमच्याबरोबर येता?"

त्यांनी मान हलवली. "आज आजऱ्यापर्यंत जमेल. उद्या आंबोली. मग सावंतवाडीला देऊळ बघायचं म्हणतात." मग काहीतरी आठवून त्या खिडकीजवळ आल्या. "मास्तर, तेवढं पोदेराला सांगा, शनिवारपर्यंत आमच्याकडे पाव नको."

"शनिवारी पोचाल ना?"

त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते आता मान वर करून डोंगराकडेच बघत होते.

"सोमवार सांगा," वहिनी म्हणाल्या.