हकीकत ऑसिलोस्कोप खरेदीची व चौथ्या मजल्याच्या वेढ्याची

धनी पुसते जाहले की, चौथ्या मजल्याचा वेढा कैसा पडला आणि कैसा उठला, ते साद्यंत लिहावे. त्यास, सेवक त्या समयी जिन्यातच चढउतार करीत होता आणि गुडघे त्याचेही बोलत होते, सबब लिहितो ते डोळां देखिले लिहितो. पदरचा मीठमसाला थोडकाबहुत पडला असेल, तो धन्यांनी गोड मानून घ्यावा.

वर्तमान ऐसे की, इमारतीची लिफ्ट बेइमान जाहली. चाले तेव्हा सरळ चाले आणि मनास येईल तेव्हा दोन मजल्यांचे दरम्यान ठाण मांडून बसे, मग आपणच रुसवा सोडून चालू लागे. अखेर ती बंद करणे प्राप्त जाहले. चौथे मजली आत्याबाईसाहेब राहत, त्यांचे गुडघ्यांनी बंड केलेले, जिव्हा मात्र चाकरीस सदैव हजर. नित्य सायंकाळी खाली उतरून कोपऱ्यावरील बाकावर बाळमैत्रिणीशी गप्पा कराव्या, हा त्यांचा सरंजाम. तो लिफ्टेसमवेत खालसा जाहला. मैत्रिणीसही जिना चढवेना. मग आत्याबाई खिडकीत, मैत्रीण बाकावर, आणि दोघी फोनवर बोलत. परंतु आजूबाजूच्यांच्या चुगल्या फोनवर मोठ्याने कैशा कराव्या? आत्याबाई जेवण कमी करू लागल्या आणि भाच्यांस बोलेनाशा जाहल्या. त्यांनी बोलणे टाकिले, तेव्हा घराचे धाबे दणाणले.

भाचे दोन. थोरले दादासाहेब, लिफ्ट दुरुस्तीच्या दलाचे सरनोबत, पान्याचे धनी. धाकटी बहीण चिमी, तळमजल्यावरील इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या दुकानाची किल्लेदार. दादासाहेबांनी मीटर लावून पाहिला, तों व्होल्टेज चोख. चिमीबाईंनी निवाडा दिला की, दगा पापणी लवण्याच्या आत होऊन जातो, मीटरास तो दिसणार नाही. विजेची चाल पडद्यावर रेघ काढून दाखवी ऐसा ऑसिलोस्कोप लावावा. दुकानात एक थोरला होता, पेटीएवढा, भिंतीच्या विजेवर चालणारा. दादासाहेबांनी बहिणीस न पुसता तो खांद्यावर घेतला, छतावरील यंत्रखोलीपर्यंत जिना सर केला, आणि त्याची अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडलेली, क्लिप लिफ्टेच्या पेटीतील जित्या तारेस लाविली. मग काय पुसता! धडाम जाहले, ऑसिलोस्कोप स्वर्गवासी जाहला, अवघी इमारत अंधारात गेली आणि मजल्यामजल्यावरून शिव्यांची सरबत्ती सुरू जाहली.

"दादा, क्लिप कुठे लावलीस?"

"जिथे जागा होती तिथे."

चिमीबाईंनी कपाळास हात लाविला. मग मसलत ठरली की, बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा नवा ऑसिलोस्कोप आणावा, आणि दोघे, पिशवी धरावयास सेवक संगे घेऊन, बाजारात रवाना जाहले.

दुकानदार मोठा मुत्सद्दी. त्याने तीन उमेदवार रुजू केले. पहिला खिशात मावणारा, परंतु एकाक्ष. एका वेळी एकच तार पाही. त्यास पानसुपारीविना निरोप दिला. दुसरा रूपाने मदनाचा पुतळा, पडदा रंगीबेरंगी, मेगाहर्ट्झ इतके की सांगताना दुकानदाराचा श्वास पुरेना. दादासाहेब देखताक्षणी घायाळ. तिसरा थोराड, रबरी चिलखत घातलेला, मेगाहर्ट्झ बेताचे, रूप विटेचे; परंतु त्याच्या दोन्ही तारा एकमेकींपासून अलग, म्हणोन क्लिप चुकीचे जागी लागली तरी धडाम होणे नाही. दादासाहेबांनी या अखेरच्या गुणाचा रोख आपणांवर धरू नये ऐसे बजाविले आणि दुसऱ्याचीच बाजू घेतली.

आता या घराण्याची एक रीत सांगणे अवश्य. घरात कोणतेही नवे हत्यार येणे, तर आधी घरच्यांनी मुद्दाम केलेली खोडी त्याने पकडून दाखवावी. त्याप्रमाणे चिमीबाईंनी जेवणाचा डबा उघडिला, आणि आत पोळीभाजी नसून एक छोटी सर्किटपाटी निघाली, तीत एक तार जाणूनबुजून सैल ठेविलेली. पेन्सिलीने टिचकी मारली की क्षणभर तुटे. दादासाहेबांनी मदनाचा पुतळा जोडिला. मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू, ऐसे बोटे मारीत राहिले. इकडे टिचक्या पडत गेल्या आणि रेघ जैशी होती तैशीच. मग दारात उजेडी नेला तों पडदा आरसा जाहला, त्यात दादासाहेबांस आपलेच घामेजलेले मुख दिसले. चिमीबाईंनी विटेस दोन बटणे दाबिली, टिचकी मारिली, आणि तुटलेली रेघ पडद्यावर जागच्या जागी गोठून राहिली. तथापि दादासाहेब हट्टास पेटले की, दिसायला तरी काही असावे! शेवटी तंटा फोनवरून आत्याबाईंचे हुजुरात गेला. तेथून फर्मान सुटले:

"मला पडदा बघायचा नाहीये रे मेल्या, मला खाली यायचंय."

दादासाहेब उठले आणि आपल्या हाते वीट पिशवीत घातली.

दुसरे दिवशी यंत्रखोलीवर स्वारी जाहली. दादासाहेबांनी लिफ्ट मोकळी असल्याची खातरजमा करून ती कलेकलेने चालविली, आणि चिमीबाई लिफ्टेच्या चाकाचे फेरे मोजणाऱ्या यंत्राच्या दोन्ही तारा विटेस जोडून पडद्यापाशी बसल्या. लिफ्ट दुसरा मजला ओलांडताच खोली किंचित थरथरली, आणि वरची रेघ साबूत असता खालची एका जागी खचली. पुन्हा चालविली, पुन्हा तेथेच खचली. गनीम सापडला! एका जोडणीतील पिन मागे सरकून अर्धवट लटकत होती. ती जोडणी मागल्या दुरुस्तीत कोणी बसविली, याची चौकशी करू नये, ऐसे दादासाहेबांनी फर्माविले. पिन नवी घातली, घट्ट बसविली, आणि लिफ्ट रिकामी व वजनासहित वारंवार फिरवून पाहिली, तों रेघ जराही हलेना.

मग भाचे तळमजल्यावर मुजऱ्यास उभे राहिले. दादासाहेबांनी वीट पुसून, पडद्यावरील रेघ समोरून दिसेल ऐशी छातीशी धरिली होती, की आत्याबाई पाहतील, शाबासकी देतील. लिफ्टेचे दार उघडले. आत्याबाई ठेवणीतील पातळ नेसून, काठी टेकीत बाहेर आल्या. विटेकडे पाहिले नाही, भाच्यांकडे पाहिले नाही, "सरका रे," इतकेच बोलोन फाटकातून तडक गेल्या. दादासाहेबांचा चेहरा उतरला. चिमीबाईंचे डोळे मात्र भरून आले, आणि त्यांनी बंधूस कोपरखळी मारून बाकाकडे बोट केले. तेथे मैत्रिणीने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि आत्याबाई बसण्याआधीच बोलू लागल्या होत्या.

येणेप्रमाणे वेढा उठला, फत्ते जाहली. दोघी काय बोलल्या ते सेवकास ऐकू आले नाही, म्हणोन लिहिले नाही. दिवेलागण होऊन गेली तरी कोणी उठले नव्हते.