तांबड्याची घागर

धुळ्यात मला माणसांत आणलं ते लोटन नानांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना हसाल, आणि मीही हसणार आहे.

नानांची पिठाची गिरणी होती आणि त्या गिरणीत दिवसभर इंग्रजी रॉक वाजायचं. नानांच्या मते यात शौक कमी आणि सोय जास्त होती. त्यांनी आधी भजनं लावून पाहिली होती, गझलाही. पण पट्टा फिरू लागला की भले भले मुके व्हायचे. "मंग हाऊ भेटना," नाना सांगत. "गिरनीले पुरी उरस असा हाऊच एक शे."

'हाऊ' म्हणजे कॅसेटच्या कव्हरावरचा लाल केसांचा एक गोरा माणूस. गिटार त्याने कुदळीसारखी धरलेली. नाना त्याला तांबड्या म्हणत. त्याचं खरं नाव त्यांना उच्चारता येत नसे. मलाही येत नसे, पण मी तसं दाखवत नसे.

मी कोकणातला, कणकवलीकडचा. नववीत नापास झालो, शाळा सोडली आणि एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर थेट धुळ्याला आलो, जुन्या टायरना नवं रबर चढवायच्या कारखान्यात. मालक आज काढतो की उद्या, या धास्तीने मी माझी पिशवी कधी रिकामी केलीच नाही; रोजचा सदरासुद्धा तिच्यातून काढायचा आणि तिच्यातच ठेवायचा. गिरणीमागची खोली नानांनी मला दिली. भात खाणारा हा प्राणी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीने वाळत चाललाय हे त्यांनी ओळखलं आणि तांदळाचं पीठ माझ्या दाराशी येऊ लागलं. त्याचे मी घावणे करायचो. ते असे व्हायचे की कारखान्यात ठिगळ म्हणून खपले असते.

त्या गिरणीत सर्वांत शिकलेला मीच. नाना गाण्याचा अर्थ मला विचारत. मी सांगितलं, नाना, मी इंग्रजीतच नापास झालोय.

"नापास व्हवाले बी पेपर लिखना पडस ना," नाना म्हणाले. माझ्या शिक्षणाचा एवढा मान त्याआधी आणि त्यानंतर कोणी ठेवला नाही.

तांबड्या वारल्याची बातमी कॅसेटवाल्या रफीकभाईंनी आणली. धुळ्यात तांबड्याचे चाहते आम्ही तिघेच. पैकी एकाला गिरणीपायी ऐकू कमी यायचं, एकाला भाषा यायची नाही आणि एक दुकानदार. मरण्याआधी, आजारपणातच, त्याने एक शेवटची कॅसेट भरली होती. ती जळगावहून एस.टी.ने रफीकभाईंच्या हाती पडली नेमकी आखाजीच्या आदल्या दिवशी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबे ठेवतात आणि विस्तवावर त्यांचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. सणाच्या दळणासाठी गिरणीपुढे डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. नानांनी कॅसेट लावली आणि काहीच ऐकू येईना. आवाज मोठा केला, कान टेपला लावला. नाही. तांबड्या गिरणीला पुरेना.

मग नानांनी गिरणी बंद केली. आखाजीच्या आदल्या दिवशी.

रांगेत पुढे असलेल्या कमलअक्कांनी विचारलं, "नाना, कोन मरनं?"

"मना मानूस," नाना म्हणाले. मना म्हणजे माझा.

बायकांनी डोक्यावर पदर घेतले. पीठ खाली बसत होतं आणि तांबड्या गात होता, बसक्या आवाजात, मधेच श्वास घेत. रफीकभाईंनी मान हलवली. त्यांचं मत पडलं की यात दम नाही, आधीच्या कॅसेटी ऐका, ही निव्वळ नावावर विकतील.

नाना जात्याकडे बघत होते. दळण थांबलं, पट्टा काढला, तरी ते अजून सावकाश फिरत होतं. "दयन सरनं तरी जातं जराखं फिरसच ना, भाऊ," ते म्हणाले.

मग नाना माझ्याकडे वळले. शेवटी तो काय म्हणतोय?

मी जीव कानात आणला. एक शब्द परत परत येत होता, आणि नववी नापासालाही तो येतो. "घर म्हणतोय, नाना. घर, घर."

मला पुढे बोलवेना. सगळ्यांना वाटलं, मला पुढचं इंग्रजी येत नाही. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी जेवायला गेलो. दर आखाजीला तिथे एकच घागर असायची, त्यांच्या वारलेल्या बायकोची, नानींची. मूलबाळ नव्हतं. या वर्षी शेजारी दुसरी होती आणि वर तांबडं, गोल डांगर. कमलअक्का सांजोऱ्या घेऊन आल्या, दोन घागरी बघून थबकल्या, आणि दोन्हींपुढे एकेक सांजोरी ठेवून गेल्या.

नानांनी दोन्ही आगाऱ्या टाकल्या. धूर डोळ्यांत गेला म्हणून उपरण्याने डोळे पुसले. मग विस्तवाकडेच बघत, दळणाचा भाव सांगावा तसं म्हणाले, "मनी घागर तू भरशी का?"

माझ्या तोंडात सांजोरी होती. मी नुसती मान हलवली, आणि त्यांना ती दिसली की नाही कोण जाणे. त्या संध्याकाळी मी पिशवी रिकामी केली आणि सदरा खुंटीला टांगला.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. भरीन, नाना. नानींच्या शेजारीच ठेवीन, आगारी माझ्या हाताने टाकीन, आणि गिरणी चालू असताना ऐकू जाईल असा तांबड्या लावीन. फक्त घाई करू नका. मला अजून डांगर पारखता येत नाही.